एकीत जिवंत बोलतात, दुसरीत मेलेले

पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस, ११ नोव्हेंबर, जवळ आला की लाल पॉपीच्या फुलांचं एक चित्र फिरू लागतं. खाली ओळी असतात: आपण म्हातारे होऊ तसे ते कधी होणार नाहीत. चित्र देखणं असतं, पण त्यात दोन कवितांची सरमिसळ झालेली असते. फुलं जॉन मॅक्रेच्या 'इन फ्लँडर्स फील्ड्स'मधली आणि ओळी लॉरेन्स बिन्यनच्या 'फॉर द फॉलन'मधल्या. बिन्यनच्या अख्ख्या कवितेत पॉपीचं नावसुद्धा नाही.

गोंधळ होतो यात नवल नाही. दोन्ही कविता पहिल्या महायुद्धातल्या, दोन्ही पडलेल्या सैनिकांवरच्या, आणि दोन्हींत उगवता-मावळता सूर्य आहे. त्या सूर्यापाशी मात्र जरा थांबायला हवं. बिन्यन म्हणतो, सूर्य मावळताना आणि सकाळी आम्ही त्यांची आठवण काढू. मॅक्रेच्या कवितेत म्हटलंय, काही दिवसांपूर्वी आम्ही जिवंत होतो, पहाट अनुभवत होतो, मावळतीची लाली बघत होतो. पहिल्या ओळीतले 'आम्ही' मागे राहिलेले, दुसऱ्या ओळीतले 'आम्ही' जमिनीखाली गेलेले. बोलतंय कोण, एवढं एकदा लक्षात आलं की या दोन कवितांची गल्लत पुन्हा होत नाही.

आता कोणती कोणी लिहिली हे माहीत नसेल तर अंदाज हमखास चुकतो. शांत, संयमी कविता रणांगण पाहून आलेल्या माणसाची असेल आणि 'लढत राहा' म्हणणारी घरी बसलेल्या कोणाची, असं वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे.

बिन्यन ब्रिटिश म्युझियममध्ये चित्रसंग्रहाचं काम पाहायचा. (मुघल लघुचित्रांवर त्याने पुढे पुस्तक लिहिलं आणि अकबराचं छोटं चरित्रही.) युद्ध सुरू झालं तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकला होता, म्हणजे भरतीच्या वयापलीकडचा. कविता सुचली ती इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी, आणि 'द टाइम्स'मध्ये ती छापून आली २१ सप्टेंबर १९१४ रोजी. ब्रिटन युद्धात उतरून तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. बेल्जियममधल्या माँसहून ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या माघारीतल्या मृत्यूंच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, पण फ्रान्समधल्या सोम नदीकाठची भीषण लढाई दोन वर्षं लांब होती. आज साऱ्या महायुद्धाचा शोक जिच्यावर तोलला जातो ती कविता युद्धाच्या तोंडावरच लिहून झाली होती. बिन्यन स्वतः आघाडीजवळ गेला तो नंतर, फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून.

खरं सांगायचं तर, सात कडव्यांची ती पूर्ण कविता आज वाचताना जड जाते. इंग्लंड ही माता, तिची लेकरं, ढोलांचा गजर, गाणी गात रणात जाणारे तरुण: सगळा थाट दरबारी आहे. तगलं ते चौथं कडवं, म्हणजे चित्राखालच्या त्या ओळींचं. कारण उघड आहे. त्या चार ओळींत इंग्लंड नाही, शत्रू नाही, विजय नाही, लढाईचं कारणही नाही. कोणत्याही देशाने, कोणत्याही युद्धानंतर उचलाव्यात अशा त्या ओळी आहेत. स्मरणाच्या कार्यक्रमांत एक जण चार ओळी म्हणतो आणि शेवटचं 'आम्ही त्यांचं स्मरण ठेवू' जमलेले सगळे मिळून पुन्हा म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या माजी सैनिकांच्या क्लबांमध्ये तर संध्याकाळी सहाला दिवे मंद करून रोज हे होतं.

मॅक्रे कॅनडाचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तो तोफखान्यात लढला होता. १९१५च्या एप्रिल-मेमध्ये बेल्जियममधल्या इप्र गावाजवळ, कालव्याच्या बांधालगतच्या प्रथमोपचार केंद्रात तो जखमींवर उपचार करत होता. तिथल्या लढाईत २२ एप्रिलला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. २ मे रोजी मॅक्रेचा तरुण मित्र अलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मारला गेला. पाद्री हजर नव्हता, म्हणून दफनविधीची प्रार्थना मॅक्रेनेच म्हटली. दुसऱ्या दिवशी कविता लिहिली गेली, असं मानलं जातं. ८ डिसेंबर १९१५ला ती 'पंच' साप्ताहिकात छापून आली, तीही कवीच्या नावाशिवाय.

कविता आहे अवघ्या पंधरा ओळींची. रचना जुन्या फ्रेंच रोंदोची: दोनच यमकं आणि सुरुवातीचे शब्द पालुपदासारखे परत येणारे. क्रॉसच्या रांगांमध्ये डोलणारी पॉपीची फुलं, तोफांच्या आवाजातही गाणारे चंडोल. पॉपी हे काही कवीचं काल्पनिक अलंकरण नव्हतं. हिचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जमीन उकरली गेली की उगवतं, आणि तिथे जमीन उकरायला तोफगोळे आणि कबरी दोन्ही होते.

मग येतं तिसरं कडवं, जे स्मरणाच्या कार्यक्रमांत अनेकांना नकोसं वाटतं. मेलेले म्हणतात: आमचं भांडण तुम्ही पुढे चालवा, गळणाऱ्या हातांनी ही मशाल तुमच्याकडे फेकतोय, आणि शब्द मोडलात तर आम्हाला झोप लागणार नाही. हा आदेश आहे, तोही धमकीसकट. कॅनडात युद्धकर्जाचे रोखे खपवायला याच ओळी वापरल्या गेल्या. तरी हे कडवं गाळून कविता वाचणं मला पटत नाही. आदल्या दिवशी मित्राला पुरलेल्या माणसाचा तो संताप आहे. तो काढला तर उरतं ते फुलांचं भेटकार्ड. मॅक्रेला युद्धाचा शेवट दिसला नाही. जानेवारी १९१८मध्ये तो न्यूमोनियाने गेला.

फूल छातीवर लावण्याची प्रथा याच कवितेतून निघाली. नोव्हेंबर १९१८मध्ये अमेरिकेतल्या मोइना मायकेल या शिक्षिकेने ती वाचून पॉपी लावायचा निश्चय केला, आणि १९२१पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या मदतीसाठी पॉपी विकल्या जाऊ लागल्या.

गंमत म्हणजे खुद्द इप्रमध्ये या दोन्ही कविता एकमेकींच्या वाटेत येतात. तिथल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर, ज्यांची कबर सापडली नाही अशा ५४,०००हून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भारतीय सैनिक आहेत आणि हेल्मरही आहे, कारण मॅक्रेने पुरलेली ती कबर पुढच्या धुमश्चक्रीत हरवली. इथे १९२८पासून, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन ताब्याची वर्षं वगळता, रोज रात्री आठला बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही सैनिकांना निरोप देणारी धून वाजते. सोबत ओळी म्हणायच्या असतात तेव्हा म्हटल्या जातात त्या बिन्यनच्या.

या दोघींत तिसरी भर पडते ती नागालँडमधल्या कोहिमाच्या युद्धस्मारकावरच्या ओळींची: घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. तिथेही मेलेलेच बोलतात, त्यामुळे त्या मॅक्रेच्याच वाटू शकतात. मूळ श्रेय जॉन मॅक्सवेल एडमंड्स या इंग्रज अभ्यासकाला दिलं जातं, आणि त्या लिहिल्या गेल्या होत्या पहिल्या महायुद्धासाठी. कोहिमाची लढाई झाली १९४४मध्ये, दुसऱ्या महायुद्धात.