ग्रीसगन घेताना विचारायचा प्रश्न: एका स्ट्रोकला किती ग्रॅम?

यंत्राच्या सांध्यांत ग्रीस ढकलणाऱ्या लिव्हरच्या साध्या ग्रीसगनचा दांडा हातभरही लांब नसतो, ३५ सेंटीमीटरच्या आसपास. आतला दट्ट्या करंगळीपेक्षा बारीक, समजा ९ मिलिमीटर व्यासाचा. दांड्यावर १५ किलोंचा जोर दिला, की तरफेमुळे दट्ट्यापाशी तो सहज १४ पट होतो. म्हणजे २१० किलो, आणि तेही ०.६४ चौरस सेंटीमीटरच्या तोंडावर. भागाकार करा: दर चौरस सेंटीमीटरला ३०० किलोंहून जास्त दाब. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा भरतात ती किलो-सव्वा किलोची.

एवढा दाब लागतो कशाला, याचं उत्तर ग्रीसच्या स्वभावात आहे. ग्रीसमध्ये ७० ते ९५ टक्के तेलच असतं. स्पंजाने पाणी धरावं तसं ते साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीने धरून ठेवलेलं असतं. बेअरिंग फिरू लागलं की जाळी सैलावते, तेल झिरपून धातूंच्या मध्ये पसरतं. यंत्र थांबलं की ग्रीस पुन्हा आळून बसतं. ठरावीक जोर लागेपर्यंत ते जागचं हलतच नाही. म्हणून उभ्या पिनेवरून ओघळत नाही, आणि सांध्याच्या तोंडाशी साचून धूळ अडवतं. पण निपलमधून, म्हणजे सांध्यावरच्या ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून, आत ढकलताना हाच गुण आडवा येतो. त्यातून मागच्या हंगामातलं तेल सुटून गेलेलं असेल, तर वाटेत नुसता कोरडा साबण चिकटलेला असतो.

निपल हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुशार भाग. टोकाशी एक गोळी, तिच्यामागे स्प्रिंग. गनचा दाब आला की गोळी मागे सरते, दाब गेला की भोक बंद. आजचं हे रूप व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यांचं, त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९२९ सालचं. गोळीच्या खळग्यात माती बसलेली असते आणि ती न पुसता गन लावली, तर पहिल्या स्ट्रोकला, म्हणजे दांड्याच्या पहिल्या दाबाला, ती माती थेट बेअरिंगमध्ये जाते. खिशात फडकं असणं महागड्या गनपेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

आता दाबाची दुसरी बाजू. वर जो दाब काढला, त्याच्या दहाव्या हिश्श्यातही साध्या रबरी सीलची कड उलटू शकते. त्यामुळे जिथे ग्रीस द्यायचं तो सांधा कोणत्या जातीचा, हे आधी बघावं लागतं. सेंटर पिन, स्टब एक्सल, पेडलचा शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना हे सगळे हळू हलणारे बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या नळ्या. इथे हात आखडायचं कारण नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून मागोमाग नवं दिसेपर्यंत द्यावं. मळणी यंत्रातलं वेगाने फिरणारं बॉल बेअरिंग मात्र वेगळं. ते गच्च भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, घुसळण्याने उष्णता होते, तापून तेल पातळ होऊन निघून जातं. 'बेअरिंग गरम होतंय, अजून ग्रीस मारा' हा सल्ला कित्येकदा उलटा पडतो तो यामुळेच.

मग किती द्यायचं? बेअरिंगवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे: बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा, त्याला पुन्हा ०.००५ ने गुणायचं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६२०८ नंबरच्या बेअरिंगचा व्यास ८० आणि रुंदी १८, म्हणजे साधारण ७ ग्रॅम. आता गन एका स्ट्रोकला १.२ ग्रॅम देत असेल तर सहा स्ट्रोक झाले. पण तुमची गन तेवढंच देते का? प्लास्टिकच्या पिशवीत दहा स्ट्रोक मारा, छोट्या डिजिटल काट्यावर तोला, दहाने भागा, आलेला आकडा रंगाने गनवरच लिहून ठेवा. खोक्यावर '१०,००० पीएसआय' असा दाबाचा आकडा ठळक छापलेला असतो. त्याला भुलू नका.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसकडे (सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याकडे). शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, पण क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांतल्या सुया (बारीक रोलर) पूर्ण गोल फिरत नाहीत, थोड्याशा कोनात पुढे-मागे डुलतात. त्यामुळे ग्रीस चहूकडे पसरत नाही, सुया त्याच त्या जागी घासतात आणि क्रॉसवर रेघा उमटतात. म्हणून रोटाव्हेटरच्या क्रॉसला साधारण दर आठ तासांनी ग्रीस सांगितलेलं असतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग निपलला गन. चारही कपांच्या सीलमधून ग्रीस डोकावलं पाहिजे. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर सांधा हाताने वाकवून-फिरवून पुन्हा द्या. तो चौथाच आधी जातो. भातखाचरात चिखलणी करून आलात तर तासांचा हिशेब सोडा, त्याच संध्याकाळी ग्रीस द्या, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जाईल.

गन कोणती, हे यावरून ठरतं. एक ट्रॅक्टर आणि तीन-चार अवजारं असतील तर लिव्हरची गन पुरते. ट्रॅक्टरखाली आडवं होऊन एका हाताने काम करायचं असेल तर पिस्तुलासारख्या मुठीची बरी. ऊसतोडणी यंत्राला बॅटरीची गन किंवा बादलीचा पंप लागतोच. मात्र बॅटरीच्या गनमध्ये हाताला जाणवणारा विरोध नाहीसा होतो. लिव्हर जड लागला की माणूस थांबतो. मोटर थांबत नाही, सील फुटल्यावरच कळतं. होज (गनची नळी) आणि कपलर (निपलला धरणारं तिचं तोंड) मात्र चांगल्या दर्जाचे घ्या. ग्रीस कपलरच्या बाजूने गळत असेल तर त्याची बाही थोडी आवळून बघा. निपलवर अडकून बसला तर ओढू नका, किंचित तिरका करा. दाब सुटतो आणि कपलर निघतो.

आपल्याकडे ग्रीस बहुधा डब्यातून हाताने भरतात, आणि तिथे हवा अडकते. लिव्हर हलका लागतो, बाहेर काही येत नाही. हवेची खिट्टी असेल तर ती दाबा, नसेल तर गनचं डोकं दोन आटे सैल करून ग्रीस वर येऊ द्या.

डब्यावर 'एपी-३', 'ईपी-२' असं लिहिलेलं असतं, त्यातला आकडा घट्टपणाचा. २५ अंशांना ठरावीक शंकू ५ सेकंदांत २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर ते २ नंबरचं. थंडीच्या सकाळी ३ नंबरचं ग्रीस गनमध्ये लवकर ओढलं जात नाही. 'ईपी' म्हणजे धक्क्याचा भार सोसणारं, रोटाव्हेटरसाठी योग्य. रंगावर जाऊ नका, तो वरून घातलेला असतो. लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर दोन्ही पातळ होऊन गळू शकतात.

निपल तुंबलं म्हणून कपलरच्या तोंडाशी बोट धरून 'ग्रीस येतंय का' हे कधीच तपासू नका. फाटलेला होजही मुठीत धरू नका. या दाबाने ग्रीस कातडी भेदून बोटात शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत ग्रीस कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातून तळहातापर्यंत सरकतं, पेशी मरू लागतात आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. घरी दाबून काढण्यात वेळ न घालवता हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात त्याच तासाला जा, आणि ग्रीसच्या डब्याचं लेबल सोबत न्या.