एका थेंबातलं टेस्टोस्टेरॉन: स्टेरॉइड संप्रेरकं मोजण्याची पार्श्वभूमी

पीसीओएसच्या (अंडाशयाशी निगडित संप्रेरक-विकाराच्या) संशयावरून एखाद्या मुलीचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्त्रियांतही थोडं असणारं पुरुषी संप्रेरक, दोन लॅबमध्ये तपासलं आणि आकडे जुळले नाहीत, की घरच्यांचा लॅबवरचा विश्वासच उडतो. पण या तफावतीचं कारण बरेचदा मोजण्याच्या पद्धतीत असतं, आणि त्या पद्धतींचा इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे.

1931 साली जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी पोलिसांची सुमारे 15,000 लिटर लघवी जमवून त्यातून जेमतेम 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वेगळं काढलं. मोजमाप तेव्हा प्राण्यांवरच व्हायचं: खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा किती वाढला, यावरून अर्काची ताकद ठरायची. 1935 मध्ये झिमरमान यांची रंग-चाचणी आली. रुग्णाने चोवीस तासांची लघवी साठवून आणायची, तिच्यात रसायनं घालायची आणि उमटणाऱ्या जांभळ्या रंगाच्या गडदपणावरून 17-कीटोस्टेरॉइड्स हा स्टेरॉइड्सचा एक गट मोजायचा. यात अख्खा गट एकदम मोजला जाई. त्यातला बराचसा भाग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा असे आणि खुद्द टेस्टोस्टेरॉन त्या गटात बसतच नाही.

मग आली रेडिओइम्युनोअसे, म्हणजे पदार्थाला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड आणि किरणोत्सर्गी खूण वापरून तो पदार्थ मोजण्याची पद्धत. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती आधी इन्सुलिनसाठी बसवली. स्टेरॉइडची अडचण वेगळी होती. हे रेणू इतके लहान की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयारच करत नाही. यावरचा तोडगा 1957 मध्येच कोलंबिया विद्यापीठात एरलँगर आणि सहकाऱ्यांनी काढून ठेवला होता. त्यांनी टेस्टोस्टेरॉन गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला रासायनिक बंधाने जोडलं. असा जोड सशाला टोचला की त्याचं शरीर प्रथिनाबरोबर स्टेरॉइडलाही परकं मानतं. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते. 1969 मध्ये गाय अब्राहम (Guy Abraham) या संशोधकाने एस्ट्राडायॉल या स्त्री-संप्रेरकाची रेडिओइम्युनोअसे प्रसिद्ध केली आणि लघवीच्या बरण्यांऐवजी थोडंसं रक्त पुरू लागलं.

सुरुवातीला सीरममधून (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातून) स्टेरॉइड आधी द्रावकात काढून, स्तंभातून गाळून मगच प्रतिपिंड घालत. पुढे स्वयंचलित यंत्रं आली, सीरम थेट आत जाऊ लागलं आणि ही मधली पायरी गळाली. पुरुषांच्या बाबतीत ते निभावलं. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन दहा-वीस पटींनी कमी, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या इतर स्टेरॉइड्सनी थोडी जरी लुडबुड केली तरी आकडा बिघडतो. 2003 साली ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकाच्या संपादकीयाने विचारलंच, की स्त्रियांसाठी ही चाचणी निव्वळ अंदाजापेक्षा बरी आहे का? हा प्रश्न फार आधी विचारायला हवा होता.

मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याची पद्धत, तोवर खेळांमध्ये रुळली होती. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्सची तपासणी सुरू झाली. 1988 मध्ये धावपटू बेन जॉन्सन स्टॅनोझोलॉल या अशाच स्टेरॉइडमुळे पकडला गेला. पण नुसतं वस्तुमान पुरत नाही. टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए हे अधिवृक्क ग्रंथींचं स्टेरॉइड यांचं रेणुसूत्र एकच आहे, म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) स्तंभात दोघांना वेगळं करावं लागतं. द्रव क्रोमॅटोग्राफीला दुहेरी मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेली एलसी-एमएस/एमएस हेच करते.

तिचा सर्वांत मोलाचा उपयोग मला नवजात बाळांमध्ये दिसतो. जन्मजात अधिवृक्क विकारासाठी टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेऊन 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे या विकारात वाढणारं स्टेरॉइड तपासतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत इतर स्टेरॉइड्समुळे प्रतिपिंड-चाचणी वारंवार खोटी पॉझिटिव्ह येते. अशा वेळी त्याच वाळलेल्या ठिपक्यातून एलसी-एमएस/एमएसने फेरतपासणी करता येते आणि पुष्कळ बाळांची दुसरी सुई टळते.