शाळा, संस्था आणि महापालिका: नागपुरातल्या विज्ञान-भागीदारीची पार्श्वभूमी

विज्ञानाच्या संस्था नागपुरात शंभर वर्षांहून जुन्या आहेत. आजची शासकीय विज्ञान संस्था १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झाली. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रातून ठेवलेल्या देणगीवर १९४२ मध्ये एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये आजची 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था आणि १९६० मध्ये आजचं व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. पण ही सगळी कामं पदवीची आणि पदवीनंतरची. सातवीतल्या मुलाला तिथे नेणारी वाट कुणी आखलेली नव्हती.

ती वाट आधी दिसली नागपूर-इटारसी रेल्वेमार्गापलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादेत (आजचं नर्मदापुरम). १९७२ मध्ये तिथल्या सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्था, दिल्ली विद्यापीठ व मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था इथले शास्त्रज्ञ आणि शाळा देणारं राज्य सरकार अशी ती जुळणी होती. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मुलांचं शिकणं रंगात असताना ते थांबलं, याची हळहळ आजही वाटते. भागीदारीतला सरकारी दुवा तुटला की बाकीचे दोघे शाळेच्या दारापर्यंतही पोहोचू शकत नाहीत, हे तेव्हा कळलं.

होशंगाबादच्याच कामातून, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्यांची रचना पुढे आली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, काडीचं गुल खरवडून दोन्ही टोकांनी काड्या आत सारायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो, आणि कर्णाची काडी घातली की तोही घट्ट होतो. पुलाचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या त्रिकोणी का असतात, हे मुलाच्या बोटांनाच कळतं. नळी मात्र ताजी हवी. जुनं रबर कडक होऊन चिरतं, काडी निसटते आणि प्रयोग फसला असं मुलांना वाटतं.

नागपुरात गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र मार्च १९९२ मध्ये सुरू झालं. तारांगण १९९७ चं. महापालिका आणि असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन यांचा अपूर्व विज्ञान मेळावा हे आमच्या मते शहराचं सर्वांत मोलाचं काम. तिथे महापालिकेच्या शाळांमधली मुलं बाटल्या, फुगे, नळ्या, आरसे अशा घरगुती सामानाचे प्रयोग स्वतः मांडतात आणि येणाऱ्याला समजावून सांगतात. अनोळखी माणसाच्या 'का?'ला उत्तर द्यायचं म्हटलं की पाठांतर कामाला येत नाही.

पुढचा टप्पा यंत्रांचा. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या केंद्र सरकारच्या योजनेत, मुलांनी यंत्रं जोडून पाहायच्या प्रयोगशाळेसाठी शाळेला एकूण २० लाखांपर्यंत अनुदान ठरलं: १० लाख उभारणीला, उरलेले पाच वर्षांच्या खर्चाला. २०१७ मध्ये सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या 'जिज्ञासा' कार्यक्रमाने केंद्रीय विद्यालयांना प्रयोगशाळांशी जोडलं. 'नीरी'ही त्यात आली.

घोडं अडतं ते दुरुस्तीपाशी. नेहमीचं उदाहरण चाकाच्या रोबोटचं. एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटारींना वीज पुरवणारा छोटा बोर्ड, स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटारीपर्यंत चारच पोहोचतात, सेल उतरले की तीन. गाडी जागेवर गुणगुणते. मग कुणीतरी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतं. तिला मोटारीचा करंट झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो, म्हणजे रोबोटला सूचना देणारा छोटा संगणक-बोर्ड, पुन्हापुन्हा रीसेट होतो. बोर्ड बिघडला समजून तो कपाटात जातो. खरं तर ७.४ व्होल्टचा दोन लिथियम सेलचा पॅक लागतो. आर्डुइनोला वेगळा पुरवठा दिला असेल, तर दोन्हीकडचं ग्राउंडही, म्हणजे ऋण टोकही, एकमेकांना जोडायला हवं.

हे दहा मिनिटांत दाखवणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी शहरात शेकड्यांनी आहे. पण शाळा, संस्था आणि महापालिका यांच्यातल्या करारात उद्घाटनाची तारीख असते. महिन्यातून एकदा शाळेत कोण येणार, संपलेले सेल आणि तुटलेल्या वायरी कोणत्या खर्चातून घ्यायच्या आणि शिकवलेल्या शिक्षकाची बदली झाली तर दुसऱ्याला कोण तयार करणार, या तीन ओळी राहून जातात.