परतीचं टपाल

ऑनलाइन शिक्षणाचा इतिहास सांगताना बहुतेक जण इंटरनेटपासून सुरुवात करतात. ती टपालापासून करायला हवी. २० मार्च १७२८ रोजी ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात छापून आली. शॉर्टहँड शिकायचंय पण शहरात राहत नाही, अशांना दर आठवड्याला धडे घरपोच मिळतील, असं तीत म्हटलं होतं. तरीही पत्राद्वारे शिक्षणाची सुरुवात करण्याचा मान अनेक अभ्यासक फिलिप्सला देत नाहीत. तो देतात इंग्लंडच्या आयझॅक पिटमनला, शंभरहून अधिक वर्षांनंतरच्या. कारण फिलिप्स धडे पाठवायचा एवढंच जाहिरातीवरून कळतं. विद्यार्थ्याने लिहिलेलं तो तपासून द्यायचा का, याचा पत्ता लागत नाही.

१८४० मध्ये इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि पिटमनने ती संधी साधली. त्याची शॉर्टहँडचे नियम छापलेली कार्डं टपालाने जायची, विद्यार्थी बायबलमधले उतारे त्या लिपीत लिहून परत पाठवायचे आणि चुका दुरुस्त होऊन ते पुन्हा त्यांच्या हाती पडायचे. (दोघंही शॉर्टहँडच शिकवत होते, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. चॅटवर अक्षरं गाळून लिहिणाऱ्यांवर नाक मुरडण्याआधी हे आठवावं.) धडा पोचवणं तुलनेने सोपं होतं. खरी मेहनत होती ती परतीच्या टपालाची, आणि पुढच्या प्रत्येक साधनाचं घोडं तिथेच अडलं.

रेडिओ आणि टीव्हीने धडा लाखोंपर्यंत नेला, पण वाट एकेरी राहिली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली. तिचे बीबीसीवरचे कार्यक्रम गाजले, पण विद्यार्थ्यांना टिकवून धरण्यात मोठा वाटा होता तो टपालाने येणाऱ्या, शिक्षकाने शेरे मारलेल्या स्वाध्यायांचा.

याच सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक वेगळीच गोष्ट घडत होती. डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये तिथे ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवणारी यंत्रणा सुरू केली होती. यंत्र प्रश्न विचारणार, विद्यार्थी उत्तर टाइप करणार, यंत्र चूक की बरोबर ते सांगणार; मूळ बेत एवढाच. यंत्रणेतल्या अडचणी कळवण्यासाठी एक सामाईक फाइल होती. तीत कोणीही काहीही लिहावं, दुसऱ्याचं खोडावं, असा कारभार. त्यावर तोडगा म्हणून १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप चिकटायची, खाली उत्तरं जोडता यायची, दुसऱ्याचं लिखाण मात्र पुसता यायचं नाही. त्याच वर्षी ‘टॉकोमॅटिक’ आलं. त्यात पाच जण एकाच वेळी गप्पा मारू शकत आणि समोरच्याचं एकेक अक्षर उमटताना दिसे. वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच खोडाखोड सगळ्यांसमोर! थोड्याच काळात तिथे पुस्तकं, सिनेमे, राजकारण, सगळ्याच्या चर्चा रंगू लागल्या. गणित शिकवण्यासाठी मांडलेल्या टर्मिनलवर लोक रात्र-रात्र बोलत बसले. पडद्यावरच्या गप्पांनी अभ्यासाची वाट लागते ही तक्रार स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे, ती अशी.

माझ्या मते आजच्या सोशल मीडियाचं खरं मूळ या वर्गात आहे. उत्तर कुठे जोडलं जाईल, नाव दिसेल की नाही, खोडता येईल की नाही, हे ठरवणारा माणूस संवादाची रीतही ठरवून टाकतो, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

नुसत्या अक्षरांत बोलण्याचे तोटेही लवकर लक्षात आले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर गंमत म्हणून लिहिलेलं कोणी खरं मानायचं आणि वाद पेटायचा. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोद असेल तिथे :-) असं लिहा. इमोजींचा सगळा पसारा पुढचा. गरज होती ती आवाज आणि चेहरा नसताना सूर कळण्याची. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या संगणकांच्या जाळ्यावरच्या चर्चामंचावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, धांदल उडवायचे आणि जुन्यांची बोलणी खात महिन्याभरात रीत शिकायचे. १९९३ नंतर व्यावसायिक सेवांमधून वर्षभर नवे लोक येऊ लागले. जुन्या मंडळींनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ असं नाव ठेवलं. नाव कुत्सित आहे, पण त्यामागचं निरीक्षण खोटं नव्हतं. नवख्याला रीत शिकवायला जुना माणूस लागतो आणि त्याच्याकडे वेळ लागतो.

पुढे प्रतिसादाचं काम बटणांकडे गेलं. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’ आलं. उत्तर द्यायला आता शब्दही लागेना, आणि आलेली उत्तरं मोजता येऊ लागली. पिटमनच्या विद्यार्थ्याला परतीच्या टपालातून आपण कुठे चुकलो ते कळायचं. इथे कळतं ते किती जणांना आवडलं एवढंच.

शिक्षणात मात्र पुन्हा एकेरी वाटेचा मोह पडला. सलमान खान (सिनेमातले नव्हेत, ‘खान अकॅडमी’ या ऑनलाइन शिकवणीवाले) २००४ पासून आपल्या मामे-मावस भावंडांना दुरून गणित शिकवत होते आणि २००६ मध्ये त्यांनी धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. भावंडांना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा व्हिडिओच बरा वाटला, असं ते स्वतःच सांगतात: थांबवता येतो, पुन्हा पाहता येतो, आणि ‘एवढंही कळलं नाही?’ असा चेहरा समोर नसतो. समोर कोणी नसणं कधीकधी सोयीचं असतं, हे मान्य करायलाच हवं. २०११ मध्ये सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं. शेवटपर्यंत पोचले सुमारे २३ हजार. नंतरच्या अशा अनेक अभ्यासक्रमांत तर शेकडा दहासुद्धा टिकले नाहीत. दीड लाख वह्या कोणी तपासायच्या? यंत्राने किंवा सहविद्यार्थ्यांनी, हे उत्तर निघालं, दोन्ही अर्धीच.

२०२० मध्ये १९० हून अधिक देशांतल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा-कॉलेजं बंद झाली आणि कार्यालयीन बैठकांसाठी बनलेली साधनं रातोरात वर्ग झाली. शिक्षक बोलत होते. समोर काळे चौकोन, माइक बंद. धडा पोचत होता, पण तो कळला की नाही हे सांगणारी कुजबुज, भुवया, मागच्या बाकावरचं हसू, यांतलं काही परत येत नव्हतं.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं. आता परतीचं टपाल काही सेकंदांत येतं, हवं तितक्या वेळा येतं. मात्र विद्यार्थ्याने पाठवलेलं त्यानेच लिहिलं का, हा पिटमनला फारसा न पडलेला प्रश्न शिक्षकांपुढे आहे. म्हणून काही विद्यापीठं वर्गात बसून हाताने लिहायच्या परीक्षेकडे आणि तोंडी परीक्षेकडे वळली आहेत. तोंडी परीक्षेत शिक्षक प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थी अडखळला तर त्याला दुसरा सोपा प्रश्न विचारून बघतो.