प्रथिनं वाढली, मग लायसिन तिथंच का?

आमच्या प्रयोगशाळेतून धान्याचा अहवाल हातात पडला की बऱ्याच ग्राहकांचा फोन येतो. नत्र भरपूर दिलं, प्रथिनांचा आकडा वर गेला, पण लायसिन, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक, जागचं हललं नाही. तपासणीत काही चुकलं का? शंका रास्त आहे, आणि मागितल्यास आम्ही नमुना पुन्हा लावतोही. पण बहुतेक वेळा आकडा तोच येतो, कारण पीकच तसं वागतं.

प्रथिनांना लागणारी वीसही अमिनो आम्लं वनस्पती स्वतः बनवते. प्रत्येकाच्या वाटेवर एन्झाइमांची, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकरांची, रांग असते. लायसिन, थ्रिओनिन, मिथिओनिन आणि आयसोल्युसिन ही चार भावंडं ॲस्पार्टेट या एकाच अमिनो आम्लापासून निघतात. पुढे वाट फुटते, तिथे लायसिनच्या फाट्यावर डायहायड्रोडायपिकोलिनेट सिंथेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. नाव उच्चारताना आमचीही दमछाक होते, म्हणून आम्ही डीएचडीपीएस म्हणतो.

खरी गंमत इथे आहे. पेशीत थोडं लायसिन साठलं की तेच लायसिन या एन्झाइमाला चिकटतं. जिथे काम चालतं त्या जागी नाही, वेगळ्या खाचेत. तेवढ्यानं एन्झाइमचं काम मंदावतं. टाकीतला बॉलकॉक वर आला की पाणी थांबतं, तसंच. लाइनचा दाब वाढवला म्हणून टाकी काठावरून वाहत नाही, नत्राचंही तेच. शिवाय दाण्यात लायसिन तोडणारं आणखी एक एन्झाइम असतं, म्हणजे टाकीला खालून गळतीही आहे. कोरिनेबॅक्टेरियम या जिवाणूचं डीएचडीपीएस लायसिनला फारसं जुमानत नाही. ते मक्यात घातल्यावर दाण्यातलं मोकळं (प्रथिनात न गुंफलेलं) लायसिन वाढलं, म्हणजे बॉलकॉक कुठे आहे ते नेमकं कळलं.

मग नत्र जातं कुठे? मोठा वाटा साठवणीच्या प्रथिनांत. मक्यात झीन, गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन. झीनमध्ये लायसिन जवळजवळ नसतंच. त्यामुळे एकूण प्रथिनं वाढतात आणि त्यातला लायसिनचा वाटा उलट घसरतो. म्हणून आमच्या अहवालात दोन रकाने असतात: १०० ग्रॅम धान्यामागे आणि १०० ग्रॅम प्रथिनांमागे. दोन वाणांची तुलना करताना दुसरा रकाना बघा. एकच रकाना छापणारा अहवाल आम्हाला अर्धवट वाटतो.

वाणाचा फरक डोळ्यांनीही दिसतो. खालून दिवा लावलेल्या काचेवर मक्याचे दाणे पसरले की नेहमीचा दाणा मधाळ, पारभासक दिसतो. 'ओपेक-२' प्रकारचा खडूसारखा मंद. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी 1964 साली दाखवलं की या दाण्यात झीन कमी आणि लायसिन जवळपास दुप्पट असतं. ज्या जनुकातल्या बदलामुळे दाणा असा होतो, तेच जनुक लायसिन तोडणाऱ्या एन्झाइमवरही हुकूम चालवतं, म्हणजे इथे गळतीही कमी. पण दाणा मऊ, किडीला सोपा. सिमिट या मका-गहू संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत सुरिंदर वासल आणि इव्हान्जेलिना व्हिएगास यांनी वर्षानुवर्षं निवड करून तो पुन्हा टणक केला. त्यासाठी दोघांना 2000 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पानावर अमिनो ॲसिड फवारून दाण्यातलं लायसिन वाढेल का, असंही विचारतात. फवारणीचे बाकी फायदे असतील-नसतील, पण दाण्यातल्या प्रथिनांची घडण मुख्यतः वाण ठरवतो. निव्वळ एवढ्यासाठी तपासणीवर खर्च करू नका.

नमुना देताना

वाळलेल्या धान्याची काळजी फारशी नाही. ओल नसावी, कीड नसावी, एवढंच. पानांचं मात्र वेगळं. पान तोडलं म्हणून त्यातली एन्झाइमं थांबत नाहीत. अंधाऱ्या पिशवीत पडलेल्या पानात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल वाढू शकतं, सुकत चाललेल्या पानात प्रोलिन हे दुसरं अमिनो आम्ल चढतं. मग अहवाल शेतातल्या पानाचा राहत नाही, पिशवीतल्या पानाचा होतो. तोडल्याबरोबर पान बर्फात ठेवा, लवकरात लवकर गोठवा आणि तोडल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. एका ग्राहकानं पानं दिवसभर गाडीत ठेवून संध्याकाळी आणून दिली होती. प्रोलिनचा आकडा बघून आम्हाला आधी वाटलं, शेतात दुष्काळच पडलाय.

प्रथिनांतली अमिनो आम्लं मोकळी करायला आम्ही नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवतो. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, आणि ग्लुटामिन व ॲस्पॅराजिन यांचं अनुक्रमे ग्लुटामेट व ॲस्पार्टेट होतं. म्हणून अहवालात त्या जोड्यांची बेरीज एकत्र छापलेली असते. ट्रिप्टोफॅनसाठी अल्कलीत वेगळी प्रक्रिया करावी लागते. तो आकडा हवा असेल तर नमुना देतानाच सांगा आणि धान्य थोडं जास्त आणा.