घाणेरीचा पिसपंखी पतंग

घाणेरीच्या (टणटणीच्या) फुलांवर अळी वाढणारा एक चिमुकला पतंग. शास्त्रीय नाव लँटानोफॅगा पुसिलिडॅक्टिला, कुल टेरोफोरिडी. फ्रान्सिस वॉकर यांनी 1864 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. नावाचा पूर्वार्ध ‘लँटाना (म्हणजे घाणेरी) खाणारा’ असा, तर उत्तरार्ध ‘इवल्या बोटांचा’ असा. बोटे म्हणजे पंखांच्या फाका: पुढचा पंख दोन फाकांत, मागचा तीन फाकांत चिरलेला आणि कडेला पिसासारखी झालर. पंखविस्तार सुमारे एक सेंटीमीटर. बसताना पंख गुंडाळून आडवे धरतो, त्यामुळे पतंगापेक्षा वाळक्या काडीचा तुकडा वाटतो.

खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याला, नाल्याकाठी, पडीक शिवारात आणि शेताच्या बांधावर घाणेरी माजलेली असते. पतंग शोधण्यापेक्षा अळी शोधणे सोपे. ताज्या पिवळ्या-गुलाबी गुच्छात दोन-चार फुले अकाली तपकिरी पडलेली दिसली की ती हळूच उपटावीत. बुडाशी भोक आणि काळसर विष्ठेचे कण सापडतात. कधी तांदळाच्या दाण्याएवढी अळीही हाती लागते. ती फुलाचा तळ पोखरते आणि कोषही बहुधा गुच्छातच करते. कपाशीला किंवा केळीला तिचा उपद्रव नाही. पतंग दिसला की बोंडअळीची शंका घेण्याचे इथे कारण नाही.

झाड आणि पतंग दोघेही मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पतंग 1902 मध्ये मेक्सिकोहून हवाईत मुद्दाम नेला गेला, घाणेरी आटोक्यात यावी म्हणून. बी काहीसे कमी होते, एवढेच. पिकलेली काळी फळे बुलबुल खाऊन बी दूरवर टाकतात, आणि तोडलेले झुडूप बुडख्यातून पुन्हा फुटते.

घाणेरीवरच्या दुसऱ्या एका किड्याची गोष्ट सातपुड्याने लक्षात ठेवावी अशी आहे. टेलिओनेमिया हा जाळीदार पंखांचा ढेकूण 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला गेला. चाचणीत तो सागाची फुलेही खाऊ लागला, म्हणून सगळे किडे मारून टाकण्यात आले. तरी काही निसटलेच. पिसपंख्यावर मात्र सागाच्या बाबतीत असा आळ नाही.