निद्राविकार (मराठवाड्याच्या संदर्भात)

निद्राविकार म्हणजे झोप लागणे, टिकणे, तिची वेळ किंवा तिचा दर्जा यांतील असा बिघाड, ज्याचा त्रास दिवसाच्या कामालाही होतो. एखादी रात्र तळमळण्यात गेली म्हणून विकार झाला असे नाही. प्रौढ माणसाला साधारण ७ तासांहून कमी झोप सतत मिळू नये. ही झोप सुमारे दीड-दीड तासाच्या चक्रांनी येते; गाढ झोप पहिल्या प्रहरांत जास्त आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते.

मराठवाड्यात निदानाआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : माणसाला झोप येत नाही, की झोपायला मिळत नाही? शेतीपंपाची वीज आलटून-पालटून रात्रीची येते, तेव्हा शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो आणि पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आली की त्याचे वेळापत्रक पुन्हा उलटते. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. पुढे हंगामभर पहाटेच्या अंधारात फडात जाणे आणि गाडी आली की रात्रीबेरात्री ती भरणे हाच क्रम असतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. अशा माणसाला झोपेची गोळी देणे म्हणजे उपाशी माणसाला भूक वाढवायचे औषध देण्यासारखे आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्या अर्थाने आरोग्याचीही योजना आहे.

पाळी बदलली तरी शरीरातले घड्याळ तितक्या चटकन बदलत नाही. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. त्याला वेळ कळते ती मुख्यतः उजेडावरून. म्हणून रातपाळीहून परतताना डोळ्यांवर गडद चष्मा, घरी अंधारी खोली आणि पाळीवर जाण्याआधी एक डुलकी, एवढे केले तरी फरक पडतो. दिवसा झोपलेल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, हा घरातला नियम मात्र आधी ठरवावा लागतो.

निद्रानाश हा सर्वांत जास्त आढळणारा विकार. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने झोप लागत नसेल, मधेच मोडत असेल किंवा फार लवकर उडत असेल, तर तो जुनाट समजतात. त्याची सुरुवात कर्ज, आजारपण, नापिकी अशा काळजीने होते. पण काळजी सरल्यावरही तो टिकतो, कारण अंथरुणाला पाठ टेकली की जागे राहायचे, ही मनाला सवय जडलेली असते. म्हणून पहिला उपचार सवय बदलण्याचा, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचाराचा. रोज उठण्याची वेळ एकच ठेवायची, आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नसला तरी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसायचे आणि पेंग आल्यावरच आडवे व्हायचे. अंथरुणातला एकूण वेळ काही आठवडे कमी करायचा. अपस्मार किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे. संध्याकाळनंतरचा चहा सोडावा. तंबाखू आणि मिश्रीतले निकोटिनही उत्तेजक असते, हे सहसा कुणी सांगत नाही. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते. रोजची गोळी एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी.

घोरण्याकडे गाढ झोपेची खूण म्हणून पाहणे धोक्याचे आहे. निद्राश्वासरोधात घसा मिटतो, श्वास १० सेकंद किंवा अधिक थांबतो आणि माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो. तासाला असे अडथळे ३० किंवा अधिक असले तर विकार तीव्र मानतात. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, शेजारी झोपलेल्याला असतो. सकाळी डोके जड, रक्तदाब आटोक्यात येत नाही, दिवसा गाडी चालवताना पेंग येते, अशी लक्षणे असल्यास निद्राचाचणी करून घ्यावी. वजन उतरवणे आणि कुशीवर झोपणे उपयोगी पडते. मध्यम व तीव्र विकारात मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लागते. कॉलिन सुलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात विकसित केलेली ही पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

रात्री पोटऱ्यांत काहीतरी वळवळते आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, ही तक्रार थकवा म्हणून सोडून दिली जाते. ती बेचैन पायांची असू शकते आणि तिचे मूळ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेत असते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासावे. विशेषतः गरोदर बायकांत.

जाग आली पण हात हलत नाही, छातीवर कुणी बसले आहे असे वाटते, त्याला गावाकडे बाहेरची बाधा म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात. ते पूर्ववत होण्याआधी जाग आली की असे होते. ते काही क्षणांत ओसरते. त्यासाठी कुणाच्या अंगावरून उतारा टाकायची गरज नाही.

मराठवाड्यात झोपेला एक इतिहासही आहे. उन्हाळ्यात माळवदावर बाज टाकून झोपण्याची इथली रीत शहाणपणाची होती : झोप लागताना शरीराचे तापमान उतरावे लागते, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली ते उतरत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, आणि दगडी भिंतींवरची तीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. वाचलेल्यांपैकी ज्यांना त्याच वेळेला जाग येते, छताखाली झोपण्याचे भय वाटते, त्यांचा त्रास साध्या निद्रानाशाचा नाही. तो आघाताचा आहे आणि त्याला मानसोपचार लागतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.